पलीकडच्या काठाचा पासपोर्ट

माझ्या निघण्याचा मुहूर्त पंचांगानं नव्हे, फेरीबोटीनं ठरवला. आमचं गाव आरोंदा, तेरेखोल नदीच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे महाराष्ट्रात. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. आता तिथं पूल आहे. तेव्हा फेरीबोट होती, आणि ती चालवणारा जेवायला बसला की दोन राज्यांचा संबंध तासभर तुटत असे. मला संध्याकाळी दाबोळीहून विमान होतं, म्हणून साडेअकराची फेरी गाठायची ठरली आणि त्याआधी घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाऱ्हाणं.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. वडीलधाऱ्या पुरुषानं नारळ पुढे ठेवून ग्रामदेवाशी मोठ्या आवाजात केलेली ती बोलणी असतात. दर वाक्याला तो थांबतो आणि जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. न ऐकता म्हटलं तरी चालतं. बहुतेक जण न ऐकताच म्हणतात.

माझे वडील तेव्हा नव्हते. म्हणून पलीकडून आपा आले होते, माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि देवाला हाक मारली. "बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकरू सातासमुद्रापलीकडे चल्ला. हेका सांभाळ, हेची वाट सरळ कर, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि जो कोण हेच्याकडे वाकड्या नजरेन बघीत, हेव्यादाव्यान वाटेत काटो घालीत, तेका थंयच अडव आणि सुबुद्धी दे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज गुरुदासचा होता. गुरुदास म्हणजे आपांचा मुलगा, माझा मावसभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याची टॅक्सी पलीकडच्या काठावर उभी होती आणि त्याला गाऱ्हाणं आटपायची घाई होती.

आई धक्क्यापर्यंत आली, बोटीत चढली नाही. रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "पोचलंस की फोन कर. आणि कोणाच्या घरी तीन रात्रीच्या वर रवा नको." हा तिचा आयुष्याचा नियम होता. पाहुणा तीन रात्रींचा, चौथ्या दिवशी त्यानं आपली पिशवी उचलावी. ती स्वतः माहेरीसुद्धा तीनच रात्री राहायची. इथं इंग्लंडात मला आता एकोणीस वर्षं होत आली. तिची सूचना मी किती पाळली ते तुम्हाला दिसतंच आहे.

टॅक्सीत माझ्या मांडीवर एक जाड प्लास्टिकची फाईल होती. डिग्री, नोकरीचं पत्र, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, छातीचा एक्स-रे. गुरुदासनं आरशातून पाहिलं. "दादा, इतके कागद? इंग्लंडाक चल्लंस काय लगीन ठरवक?"

मी म्हणालो, "कागदांशिवाय कोणी घेत नाही. तू आधी बारावीचं इंग्रजी सोडव." तीनदा त्याचा तो पेपर राहिला होता. तो मनापासून हसला. मीही हसलो, पण माझ्या हसण्यात जरा डिग्री होती.

*

ब्रिस्टलमध्ये मी विमानांच्या पंखांचं गणित करतो. पंख किती वाकला तर चालेल आणि कधी मोडेल, हे आधी सांगायचं. स्वतःच्या बाबतीत हे गणित मला कधी जमलं नाही. पहिल्या काही वर्षांत माझा खरा उद्योग व्हिसा हाच होता. फॉर्म भरा, बोटांचे ठसे द्या, तेच ठसे दोन वर्षांनी पुन्हा द्या, जणू मधल्या काळात बोटं बदलून आणली असावीत. तुमच्यातले जे माझ्यासारखी फाईल घेऊन निघाले त्यांना हे नवीन नाही. जे तिकडे राहिले त्यांना आम्ही हे कधी सांगितलं नाही. फोटो पाठवायचो ते पुलाचे आणि बर्फाचे.

चौथ्या वर्षी एका शनिवारी फोन आला. "दादा, मी स्विंडनाक आसा."

स्विंडन माझ्यापासून ट्रेननं चाळीस मिनिटांवर. मला वाटलं, फिरायला आला. तो म्हणाला, "फिरूक नाय, रवाक. सोमवारपासून वेअरहाऊसात शिफ्ट."

मी पहिला प्रश्न विचारला तो ‘कसा आहेस’ हा नव्हता. मी विचारलं, "कुठल्या व्हिसावर?"

"व्हिसा कित्याक? मी पोर्तुगीज मां!"

ते असं होतं. आपा जन्मले तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. त्या राज्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना आपली नोंद लिस्बनमध्ये करून पोर्तुगालचं नागरिकत्व मिळत होतं. पोर्तुगाल युरोपीय संघात, ब्रिटनही तेव्हा संघात, त्यामुळे पोर्तुगीज माणसानं स्विंडनला राहावं यात कोणालाच हरकत नव्हती. गुरुदासनं पोर्तुगाल नकाशातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. त्याला पोर्तुगीज भाषेतले दोन शब्द येत होते, एक पावाचा आणि एक फुटबॉलचा. त्याच्या आजोबांनी तिरंगा लावला म्हणून पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला होता. पाठीवरचा वळ ते आम्हा पोरांना सणासुदीला दाखवत. त्याच घरातून आता जन्मदाखले लिस्बनला गेले.

आमचं घर नदीच्या अलीकडे. त्यामुळे आमच्या वाट्याला इंग्रजांचं राज्य आलं होतं आणि त्यांच्याकडून असा कुठलाही दाखला मिळत नव्हता.

यात आणखी एक घरगुती मेख होती. आपांचं स्थळ आधी माझ्या आईला आलं होतं, कारण ती थोरली. माझ्या आजोबांनी नाही म्हटलं. पलीकडे रस्ते नाहीत, माणसं परक्या राज्यात राहिलेली, मुलगी तिथं कशाला द्या. दोन वर्षांनी मतं बदलली आणि त्याच घरात धाकटीला दिलं. मी हा हिशोब अनेकदा केला. आजोबा त्या दिवशी हो म्हणाले असते तर तो मरून रंगाचा पासपोर्ट माझाच होता. माझी बायको मेधा पुण्याची, ती लगेच म्हणते, "मग तू तू नसतासच." बरोबर आहे. पण हेव्याला इतकं तर्कशास्त्र परवडत नाही.

लोकांना शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा वाटतो, भावाच्या फ्लॅटचा वाटतो. मला दुसऱ्याच्या बापाच्या जन्मगावाचा वाटत होता. बारावी नापास माणूस एका बॅगेनिशी आला आणि राहिला. मी इंजिनिअर, आणि मला बॉसशी भांडतानासुद्धा व्हिसा आठवायचा. तो नोकरी आवडली नाही की सोडायचा. मी ती चैन फक्त ट्रेनमधल्या खिडकीतून पाहत होतो, दर दुसऱ्या रविवारी, त्याच्याकडे जेवायला जाताना. आणि तो जेवायला घालायचा ते प्रेमानं. हे सर्वांत वाईट.

*

युरोपीय संघाबद्दलच्या सार्वमताच्या आधीच्या हिवाळ्यात मी आईला बोलवायचं ठरवलं. आमच्याकडे छोटी खोली होती. तिच्या पाठीसाठी मी कडक गादी घेतली, खिडकीला जाड पडदा लावला. अर्ज भरला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. कुठल्याशा अनामिक अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की अर्जदार विधवा आहे, नोकरी करत नाही, तिच्यावर कोणी अवलंबून नाही, तेव्हा भेट संपल्यावर ती देश सोडून परत जाईल अशी त्याची खात्री पटत नाही.

मी ते आईला फोनवर मराठीत सांगितलं. ती खरोखर दुखावून म्हणाली, "तेंका कोणी सांगितला मी थंय रवतलंय म्हणान? तीन रात्रीच्या वर मी माझ्या आवशीकडे रवाक नाय!"

दोन महिन्यांनी मावशी आली. आपांचा पासपोर्ट पोर्तुगालचा, मुलगा पोर्तुगीज, म्हणून मावशीला कुटुंबाचा परवाना मिळाला, जवळजवळ मागितल्याबरोबर. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या, एकीच्या हेतूंवर ब्रिटनचा विश्वास बसला आणि दुसरीच्या नाही. मावशी आणि आपा आठ दिवस आमच्याकडे ब्रिस्टलला होते. मावशी त्या कडक गादीवर झोपली आणि सकाळी म्हणाली, "बरी गादी घेतलंस रे. ताईच्या पाठीक बरी पडतली." मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच केटल भरली.

मेधा माझ्यामागून आली. "एक सांगू? आई आल्या नाहीत याचा तुला राग नाहीये. मावशी आल्या याचाही नाही. गुरुदासला फॉर्म भरावा लागला नाही, याचा आहे."

मी म्हणालो, "असं काही नाही." ती म्हणाली, "केटल भरून वाहतेय."

तेव्हा देशात दुसरा विषयच नव्हता. संघात राहायचं की निघायचं. ऑफिसात चहाच्या कोपऱ्यात, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना शेजाऱ्याशी, कौन्सिलच्या लायब्ररीत, सगळीकडे तेच. एका बाजूची माणसं आकडे सांगून घाबरवायची, दुसरी इतिहास सांगून फुगवायची. ज्यांनी कधी बेडूकउडीइतकं पाणी ओलांडलं नव्हतं ते सार्वभौमत्वाबद्दल बोलताना छाती पुढे काढायचे. माझा एक इंग्रज सहकारी स्थलांतरितांविषयी दहा मिनिटं बोलला आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही हं. तुम्ही लोक रीतसर आलात." मला त्याचा राग यायला हवा होता. मला आत कुठेतरी बरं वाटलं. रीतसर! इतक्या वर्षांत माझ्या फाईलला कोणीतरी मान दिला होता. इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणातही श्रीखंड वाढता वाढता हेच चाललं होतं. युरोपवाले यायचे थांबले की आपल्याला दार उघडेल, आईवडिलांना आणणं सोपं होईल. कोणी सांगितलं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. पण पुरी फुगावी तशी ती गोष्ट हॉलभर फुगली होती.

एका संध्याकाळी आपांनी आमच्या सोफ्यावर बसून टीव्हीवरचा वादविवाद पाहिला. चकचकीत व्यासपीठं, निळे सूट, मागे झेंडे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "गाऱ्हाणा बरा घालतत. पण ‘होय म्हाराजा’ म्हणूक कोण नाय."

*

मे महिन्यात दारात पोलिंग कार्ड पडलं. माझ्या नावाचं. मला वाटलं चूक झाली. पण नियम तसाच होता. राष्ट्रकुल देशांचे नागरिक इथं रीतसर राहत असतील तर त्यांना मत होतं. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांच्या नागरिकांना नव्हतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्या मला ब्रिटननं संघात राहावं का हे ठरवायचा अधिकार, आणि ज्याचं इथलं राहणंच त्यावर अवलंबून त्या गुरुदासला नाही.

त्याला हे फार विनोदी वाटलं. "बघ दादा, इंग्रजांनी तुमच्यावर राज्य केल्यानी ता आता फळाक इला. आमचे पोर्तुगीज नुसते पाव देवन गेले."

मग तो गंभीर झाला. त्याला तसा मी फारसा पाहिला नव्हता. शीतल, त्याची धाकटी बहीण, हिचेही कागद लिस्बनला गेले होते. तिचा नंबर यायचा होता. तो आला की शीतल स्विंडनला येणार होती, त्याच्या शेजारच्या रस्त्यावर खोलीही बघून ठेवली होती. मला सख्खी बहीण नाही. भाऊबीजेला मला ओवाळलं ते शीतलनंच. ती फेरीबोटीतून पुढ्यात झाकलेलं तबक घेऊन यायची, आणि नदीवरच्या वाऱ्यानं विझलेलं निरांजन आमच्या पडवीत पुन्हा लावायची.

"माझ्यातर्फे मार तू ती फुली," गुरुदास म्हणाला. "रवाच्या रकान्यात. माझी नको तर शीतलची म्हणान मार."

मी म्हणालो, "हो रे, सांगायला हवं का?"

मतदान आमच्या रस्त्याच्या टोकाच्या प्राथमिक शाळेत होतं. मुलांच्या रंगीत चित्रांखाली लाकडी आडोसा, आत दोरीनं बांधलेली पेन्सिल. इतक्या मोठ्या देशाचा इतका मोठा निर्णय, आणि पेन्सिल कोणी चोरील ही भीती. कागदावर दोन चौकोन होते, वर ‘राहा’, खाली ‘निघा’. मी वरच्या चौकोनावर पेन्सिल नेली. मग मला ती गादी आठवली. रीतसर हा शब्द आठवला. ‘व्हिसा कित्याक?’ हे आठवलं, त्यातलं ते हलकं हसू, जे तो हसलाही नव्हता आणि मी इतकी वर्षं ऐकत होतो. एकदा, फक्त एकदा, त्यालाही फॉर्म भरावा लागू दे.

मी खालच्या चौकोनात फुली मारली. दोन सेकंद लागले. माझ्या कुठल्याच कागदाला या देशात इतका कमी वेळ लागला नव्हता.

सकाळी निकाल लागला. माझं ब्रिस्टल ‘राहा’ म्हणालं होतं, त्याचं स्विंडन ‘निघा’ म्हणालं होतं, देशही तेच म्हणाला होता. गुरुदासचा फोन आला. "जांव दे दादा. तू तरी आमच्यासाठी मारलंस. तुझे उपकार."

मी म्हणालो, "अरे, उपकार कसले."

आता तुम्ही म्हणाल, एका मतानं काय होतं. माझं गणित मला येतं, काहीच होत नाही. पण त्यानं ते मत स्वतःचं म्हणून मला दिलं होतं. पुढची कित्येक वर्षं स्विंडनमध्ये तो मला ज्याच्या त्याच्यापुढे उभा करायचा. "हो माझो भाव. आमच्यासाठी मत घातलेलो हेणा." आणि ती गोव्याकडची, पेडण्याची, डिचोलीची माणसं, बारा तासांची शिफ्ट करून आलेली, माझा हात हातात घ्यायची. एका बाईंनी मला लाडू बांधून दिले. मी ते ट्रेनमध्ये खाल्ले. चांगले होते.

आणि गुरुदासचं काय बिघडलं? काहीच नाही. इथं आधीपासून राहणाऱ्यांना कायम राहायची परवानगी मिळाली. त्यानं फोनवर एक ॲप उघडलं, जेवणाच्या सुट्टीत पासपोर्टचा फोटो काढला, आणि आठवड्यात त्याला उत्तर आलं. फॉर्म असा त्याला भरावाच लागला नाही. तीच परवानगी मिळवायला मी दोन फाईली झिजवल्या होत्या. खरं सांगतो, इतकं करून याचाही मला हेवाच वाटला.

काटा लागला तो शीतलला. लिस्बनची रांग लांबली, मग महासाथ आली, कचेऱ्या बंद पडल्या. तिचा पासपोर्ट हाती आला तेव्हा ब्रिटनचं दार मिटून चार महिने झाले होते. आणि तो पासपोर्ट घेतल्याक्षणी तिचं भारतीय नागरिकत्व गेलं होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तुळशीपुढे, ती परदेशी म्हणून नोंद करून राहत होती. तिनं मला फोन केला. "दादा, तू शिकलेलो. सांग, आता मी खयची?"

मी तिला नियम समजावून सांगितले. नियम मला उत्तम येतात.

शेवटी ती एकटी लिस्बनला गेली. आमच्या अख्ख्या पोर्तुगीज खानदानात पोर्तुगाल पाहिलेली ती पहिली. एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम, आणि चार अनोळखी बायकांत एक खोली.

*

मधल्या काळात आपा गेले. मीही ब्रिटिश झालो. तो सोहळा कौन्सिलच्या हॉलमध्ये झाला. राजाची तसबीर, गळ्यात सोन्याची साखळी घातलेले महापौर, आणि आम्ही चाळीस जण हात खाली सोडून एका सुरात शपथ म्हणणारे. कोणी ऐकत नव्हतं, सगळे म्हणत होते. मला आपांची आठवण झाली. नारळ तेवढा नव्हता. आईला फोटो पाठवला तर तिनं विचारलं, "आता तरी माका सोडतीत?" मी अर्ज भरतो म्हणालो. ती म्हणाली, "नको. एकदा नको म्हटलेल्या घरात मी परत जाणंय नाय."

या सप्टेंबरात शीतलनं लिस्बनच्या टोकाला स्वतःचं बिऱ्हाड केलं. दोन खोल्या, एक गॅलरी. आम्हा दोघा भावांना बोलावलं. ब्रिस्टलहून आम्ही एकाच विमानानं गेलो. मी परतीचं तिकीट तीन रात्रींनंतरचं काढलं होतं, सवयीनं.

लिस्बनच्या विमानतळावर गुरुदास त्याच्या मरून पासपोर्टावर एका फाटकातून सरळ निघून गेला. मी माझा नवा निळा पासपोर्ट घेऊन इतर सर्व देशांच्या रांगेत उभा राहिलो. सव्वा तास. पुढे बोटांचे ठसे, फोटो, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का. काचेपलीकडे तो बाकावर बसून कॉफी पीत होता आणि मधूनमधून मला हात करत होता. ही रांग मी स्वतः निवडली होती, पेन्सिलीनं. मी बाहेर आलो तेव्हा त्यानं माझी कॉफी पुढे केली. थंड झाली होती. "तुझ्यासाठी केव्हाच घेतलंय," तो म्हणाला. "माका वाटला, तू येतलंस लगेच."

शीतल तीन वर्षांत बारीक झाली होती. पोर्तुगीज मात्र फडफड बोलत होती, खालच्या दुकानदाराशी नारळावरून भांडलीसुद्धा. गॅलरीत पाट मांडला, तांदूळ, नारळ, आपांचा फोटो. फोन तांब्याला टेकवून ठेवला, त्यात आरोंद्याहून आई. मावशीला आताशा ऐकू येत नाही, ती आईच्या शेजारी नुसती बसली होती.

"दादा, तू थोरलो," शीतल म्हणाली. "आता गाऱ्हाणा तूच घालूक व्हया."

मी कधी घातलं नव्हतं. पण शब्द पाठ होते. टोपी नव्हती, रुमाल डोक्यावर घेतला.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या तुझ्या चेडवान परक्या मुलखात आपला घर मांडल्यान. तेका यश दे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोन आवाज गॅलरीतून, आणि अर्ध्या सेकंदानं तिसरा तांब्यापाशी.

"हेच्या कामाक, हेच्या हातापायाक बळ दे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

यानंतर वाकड्या नजरेचं वाक्य येतं. ते वगळता येत नाही, वगळलं तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. आपांच्या फोटोकडे पाहिलं आणि माझा आवाज कुठून आला मला कळलं नाही. "आणि हेव्याच्या पोटी ज्या भावान हेच्या नावाची फुली चुकीच्या रकान्यात मारल्यान, गुरुदासाक आणि हेका फसवल्यान, तो भाव तुझ्यासमोर उभो आसा. तेका काय ती शिक्षा दे आणि सुबुद्धी दे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" म्हणाला गुरुदास. "होय म्हाराजा!" म्हणाली शीतल.

सवयीनं म्हणाली दोघं. मग अर्थ पोचला. तो पोचताना मला दोघांच्या तोंडावर दिसला, आधी तिच्या, मग त्याच्या. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज तेवढा येत होता.

"होय म्हाराजा!" आई म्हणाली, उशिरानं. आणि लगेच, "काय म्हणालो तो? माका नीट ऐकाक येवक नाय."

गुरुदासनं नारळ उचलला आणि माझ्या हातात दिला. "फोड. देवाक ताटकळत ठेव नको."

मी फोडला. वाकडाच फुटला. त्यानं दोन्ही भकलं गोळा केली, पाणी वाटीत धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बारावी नापास माणूस मी. पण माका कोणी मत दिला असता तर मी बरोबर मारलं असतंय."

एवढंच. त्याला अधिक बोलता आलं असतं, मला ते ऐकायलाही हवं होतं.

शीतल आत गेली होती. मी तिच्यामागे गेलो. ती भाताचं पाणी काढत होती. वाफेतून म्हणाली, "पयली दोन वर्सां मी हंय कोणाबरोबर आपल्या भाषेत एक शब्द बोलूक नाय, दादा. चादरी मोजतानाच काय ती मराठीत मोजी." मी उभा राहिलो. सॉरी हा शब्द मला इंग्रजीत दिवसातून वीसदा येतो, बसमध्ये पाय लागला तरी येतो. त्या स्वयंपाकघरात तो अगदीच किरकोळ होता.

जेवणं झाली. ती ताटं उचलताना म्हणाली, "कधी जातलंस?"

"सोमवारी. तीन रात्री."

"मंगळवारी जा. सिंकचो नळ गळता, इंजिनिअर मां तू? करून दी. तेच्याशिवाय सुटणंस नाय." तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण माझ्यापुढे ताकाची वाटी ठेवली.

तुम्ही तिकडून विचारता, तुझं घर आता कुठलं. आरोंद्याचं, ब्रिस्टलचं? मी इतकी वर्षं कागद दाखवून उत्तर देत आलो. घराबद्दल मला एवढंच कळलंय की तिथं जाण्याचा हक्क कुठल्याच पासपोर्टात नसतो. कोणीतरी रागावलेलं असतानाही चौथ्या रात्रीपर्यंत थांब असं म्हणावं लागतं. मला ते लिस्बनच्या टोकाला, गळक्या नळापाशी म्हटलं गेलं. आणि गुरुदासला ते कोणी कधी म्हणावंच लागलं नाही, याचा मला अजून थोडा हेवा आहे. हे शीतलला सांगणार नाही.

तिकीट बदललं आणि आईला फोन केला. "आई, मंगळवारी निघतोय. चौथी रात्र राहतोय."

नेटवर्क गेलं की काय मला कळेना.

"मगे सकाळी उठान बिछानो गुंडाळ," ती म्हणाली. "पावण्यासारखो लोळत रवा नको."

मी नळाचा वॉशर आणायला खाली उतरलो. गुरुदास चपला घालून बरोबर निघाला. त्याला येणाऱ्या दोन पोर्तुगीज शब्दांत वॉशर नव्हता.